शेवटच्या व्हॉल्वचं गणित

अखाजी आली आणि गेली, पण ऋतिकाला न्यायला माहेरहून कुणी आलं नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात काय एवढं? वाटू दे. खान्देशात दिवाळीला लेक एखाद्या वर्षी नाही आली तर खपून जातं, पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुराळी यायलाच हवा. म्हणजे माहेरच्या कुणीतरी येऊन, चहा पिऊन, लेकीची पिशवी उचलून तिला घेऊन जायला हवं. ऋतिकाचं लग्न झाल्यापासून बेबाबाई दरवर्षी कुणाला ना कुणाला पाठवायचीच. एका वर्षी कुणी मोकळं नव्हतं तर स्वतः एसटीत बसून जळगावला पिंप्राळ्यात येऊन दारात उभी राहिली होती, हातात केळीच्या वेफर्सची पिशवी घेऊन. आणि या वर्षी? माणूस नाही, फोन नाही. शेजारणी झोक्यावर गाणी म्हणत होत्या आणि ऋतिका घरात घासलेली भांडी परत घासत होती. नवरा ललित म्हणाला, "अगं, कामात असतील." ती म्हणाली, "फुई मला विसरेल? काहीतरी झालंय." आणि तिला रडूच फुटलं.

बेबाबाई म्हणजे तिची फुई, वडिलांची थोरली बहीण. ऋतिका लहान असतानाच आई गेली. वडील सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागले ते तिकडचेच झाले. पोरीला वाढवलं ते फुईनं. यावल तालुक्यात, तापीच्या काठी, जिकडे बघावं तिकडे केळी असलेल्या गावात या बाईकडे केळीची बाग नव्हती. होता गावाच्या पार शेवटी जमिनीचा एक तुकडा आणि त्यावर हिरव्या जाळीचं शेड. प्रयोगशाळेतून आलेली बोटभर उंचीची केळीची रोपं ती तिथं पिशव्यांत लावायची, उन्हावाऱ्याची सवय करून द्यायची, आणि वीतभर झाली की बागायतदारांना विकायची. त्या रोपांवर पोरगी एम.एस्सी. झाली, गणित घेऊन. आता अमळनेरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की बसा हात चोळत. पण फुईला त्याचं काय? "माही पोरगी प्रोफेसर आहे," असं ती भाजीवाल्यालाही सांगायची.

अशी बाई गप्प बसली म्हणजे गोष्ट साधी नव्हती. ऋतिकानं कुणाची वाट पाहिली नाही. सकाळची बस धरली आणि न बोलावता माहेरी जाऊन उभी राहिली.

शेडमध्ये शिरली आणि जागीच थांबली. रांगेच्या रांगा रोपं करपून गेली होती, पानं कागदासारखी चुरगळलेली. फुई खाली बसून एकेक पिशवी फाडत होती आणि आतली माती ढिगावर टाकत होती.

"आली का?" एवढंच म्हणाली. वर पाहिलंसुद्धा नाही.

"फुई, हे काय झालं गं?"

"काय व्हईन? पानी नई आलं, वाळलं."

"मग मला सांगायचं नाही का?"

आता फुईनं मान वर केली. "सांगलं नई? फोन केलता ना तुले. तूच म्हने ना, मशीन सांगतं पानी चाललंय, व्हॉल्वमधी कचरा अडकला अशीन. मी व्हॉल्व खोलला, धुतला, परत लावला. कचरा नव्हता व माय त्यात. पानीच नव्हतं."

फुईनं हातातली पिशवी टाकली आणि तिच्याकडे नीट बघून विचारलं, "खरं सांग. मोठ्या बागायतदारांनी तुले काही सांगलं का? आमच्या वाट्याचं पानी काढाले?"

ज्या बाईनं आपल्या पानातली भाकरी काढून वाढली, तिनं हे विचारावं! कुणी थोबाडीत मारली असती तरी ऋतिकाला एवढं लागलं नसतं. पण राग तरी कोणत्या तोंडानं यायचा? मशीन तिचंच होतं. निदान गाव तसंच म्हणत होतं.

त्याचं असं झालं होतं. गावाची उपसा योजना आहे. तापीवर एक मोठा पंप, तिथून निघालेला पाइप आणि पाइपावर प्रत्येक सभासदाचा व्हॉल्व. शेतीची वीज ठरावीक तासच, त्यामुळे पाण्यावरून रोज तू-तू मी-मी. पाइपाच्या तोंडाशी संस्थेचे चेअरमन तोताराम आबा. आमच्याकडे बाग एकरात सांगत नाहीत, खोडात सांगतात. आबांची तीस हजार खोडं. भर उन्हाळ्यात त्यांना दिवसाला सहा लाख लिटर पाणी लागतं. पाइपाच्या शेवटाला फुई आणि आणखी पाच-सहा जण, कुणाची वांगी, कुणाची गवार. फुईची दिवसाची गरज दोन हजार लिटर. पण ते दोन हजार रोज हवेत. एक दिवस चुकलं की रोप मान टाकतं.

ऋतिकाच्या वर्गात हितेंद्र नावाचा मुलगा होता. गणितात बेताचा, बोलण्यात पटाईत. शिक्षण संपल्यावर त्यानं ठिबक आणि विजेवर चालणाऱ्या व्हॉल्वचा धंदा काढला. ऋतिकाला सख्खा भाऊ नाही. ती याला राखी बांधायची, तो तिला 'ताई' म्हणायचा, फुईच्या घरी येऊन शेवभाजी ओरपायचा. त्यानंच एक दिवस डोक्यात आणलं, की गावाच्या योजनेला कॉम्प्युटर लावू. कोणाचा व्हॉल्व किती वेळ उघडायचा ते कॉम्प्युटरच ठरवेल. प्रत्येकाला त्याचं किमान पाणी मिळालंच पाहिजे, पंपाचे तास ओलांडायचे नाहीत, आणि या अटी पाळून विजेचा खर्च होईल तेवढा कमी. वायरी आणि व्हॉल्व हितेंद्रचे, गणित ऋतिकाचं.

गणित म्हटलं म्हणून पान उलटू नका, घाबरण्यासारखं यात काही नाही. असं गणित सोडवताना कॉम्प्युटर थोडी सूट घेतो. अट अगदी काटेकोर नको, हजारात एक इकडे-तिकडे चालेल, असं आपणच त्याला सांगून ठेवतो. नाहीतर बिचारा उत्तर शोधतच बसेल. पण हजारात एक कशाच्या? गावाचं एकूण पाणी दिवसाला चाळीस लाख लिटर. त्याच्या हजारात एक म्हणजे चार हजार लिटर. फुईची सगळी गरज दोन हजार! म्हणजे फुईला थेंब दिला नाही तरी कॉम्प्युटर म्हणणार, अट पाळली, थोडंसंच कमी पडलं. आणि तो देणारही नाही, कारण शेवटच्या टोकाला पाणी ढकलायला लिटरमागे वीज सगळ्यात जास्त जाते. खर्च कमी करायचा तर पहिली कात्री तिथंच लागते.

ऋतिकानं हे गावाच्या सभेत सांगितलं तेव्हा कुणाला कळेना. मग ती म्हणाली, "भुईकाट्यावर केळीचा भरलेला ट्रक चढवा आणि वर पावशेर चहापत्ती ठेवा. काटा हलेल का?" सगळे हसले. "मग चहापत्ती त्या काट्यावर मोजायचीच नाही. तिचा तराजू वेगळा." तिनं प्रत्येकाचं पाणी लिटरमध्ये न धरता त्याच्या स्वतःच्या गरजेच्या मापात धरलं होतं. आबांचे सहा लाख म्हणजे एक पूर्ण आणि फुईचे दोन हजार म्हणजेही एक पूर्ण. आता हजारात एक सूट घेतली तरी फुईचे जातील ते दोन लिटर. सुटीच्या नावाखाली गिळायला कोणीच एवढा लहान उरला नाही.

यात एक खोच होती. पाणी जरा वाढवलं की खर्च किती चढतो, त्या चढावर बोट ठेवून कॉम्प्युटर वाट काढतो. पुस्तकात त्याला विकलज म्हणतात, ऋतिका नुसतं 'चढ' म्हणायची. पाण्याचं माप बदललं की चढही त्याच प्रमाणात बदलावा लागतो. दूध पाव लिटरच्या पिशवीत विकायचं आणि भाव लिटरचा सांगायचा, तर गिऱ्हाईक भांडणारच ना? पहिल्या चाचणीत हितेंद्रनं मापं बदलली आणि चढ तसेच ठेवले. कॉम्प्युटरनं असा धिंगाणा घातला की सगळ्या गावाचं पाणी कुणाच्या तरी बांधावरच्या चार लिंबांना देऊन मोकळा झाला. लोक पोट धरून हसले. ऋतिकानं हितेंद्रला शेजारी बसवून एकेक चढ कसा बदलायचा ते शिकवलं. वहीत लिहून नाही, हाताला धरून शिकवलं म्हणा ना.

तरी शेवटच्या टोकाचे लोक तयार नव्हते. मोठ्यांचं यंत्र मोठ्यांचंच ऐकणार, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा फुई घरोघर गेली. "माह्या पोरीचं गणित आहे. पानी नई आलं तर मले इचारा," असं छातीवर हात मारून सांगून आली. आणि दोन उन्हाळे पाणी खरंच आलं, अगदी वेळच्या वेळी. ऋतिकाला वाटायचं, जन्मात काही केलं असेल तर हे.

आणि आता तिसऱ्या उन्हाळ्यात हे असं. फुईचा फोन आला होता तेव्हा तिनं लगेच हितेंद्रला विचारलं होतं. त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो पाठवला होता, सगळं हिरवं: 'सर्व अटी पूर्ण.' पोरीनं तो फोटो पाहिला आणि फुईला सांगितलं, कचरा बघ. ज्या बाईच्या डोळ्यांसमोर रोप वाळत होतं तिचं ऐकलं नाही, हिरव्या फोटोचं ऐकलं. काय म्हणावं या शहाणपणाला!

ऋतिका तशीच उठली आणि संस्थेच्या ऑफिसात गेली. तिथं वना ऑपरेटर. पूर्वी हा गडी सायकलवरून हिंडून हातानं व्हॉल्व फिरवायचा, आता कॉम्प्युटरसमोर पंख्याखाली बसतो. "ताई, मी तर काही हात नाही लावला बरं," तो आधीच म्हणाला. "इथं रोज हिरवंच येतं. बेबा अक्का येऊन भांडल्या, मी त्यांना पडदा दाखवला. आता मी तरी काय करू?"

ऋतिकानं आतला हिशोब उघडला. मापांच्या रकान्यात आबांसमोर सहा लाख लिटर आणि फुईसमोर दोन हजार लिटर हवे होते; तिथं आता सगळ्यांसमोर एकच लिटर. म्हणजे कुणालाच वेगळं माप नाही. सगळं पाणी परत लिटरमध्ये, सगळे त्याच भुईकाट्यावर.

तिला आधी काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. चूक सापडली! नवीन आवृत्ती चढवताना मापं उडाली असणार, होतं असं. ती हसलीसुद्धा. "वनाभाऊ, सापडलं!" म्हणाली आणि हितेंद्रला सांगायला फोन हातात घेतला.

मग तिची नजर चढांवर गेली. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. मापं चुकून उडाली असती तर चढ जुनेच राहिले असते. मशीननं लिंबाच्या बांधासारखा धिंगाणा घातला असता, आणि पहिल्याच दिवशी गावभर बोंब झाली असती. इथं तसं नव्हतं. प्रत्येक चढ लिटरच्या हिशोबानं बरोबर बदललेला होता. एकही राहिला नव्हता. कुणीतरी शांतपणे बसून, एकेक माप काढलं होतं आणि एकेक चढ त्याला जुळवून घेतला होता, म्हणजे मशीन चूं करणार नाही. असं काम येणारी जगात दोनच माणसं होती. एक ती खुर्चीत बसली होती.

तिनं फोन पर्समध्ये टाकला. फोनवर तो गोड बोलला असता आणि ती परत विरघळली असती, एवढं तिला स्वतःबद्दल ठाऊक होतं. जळगावहून पारोळ्यावरून धुळ्याला जाणारी एसटी तिनं दुसऱ्या दिवशी धरली. हितेंद्रनं हल्लीच धुळ्यात देवपूरला ऑफिस थाटलं होतं.

"अरे, ताई! सांगून तरी यायचंस! काय घेणार, ताक सांगू?" तो उठून उभा राहिला. काचेचं केबिन, थंड हवा, भिंतीवर केळीच्या बागेचा मोठा फोटो.

"मापं तू काढलीस?"

दुसरा कुणी असता तर कानावर हात ठेवले असते. हितेंद्रनं तेवढाही मान दिला नाही. खुर्ची पुढे ओढून, विद्यार्थ्याला समजावतात तसा सांगू लागला. "ताई, तूच बघ. टोकाच्या त्या पाच-सहा जणांपायी अख्खा पाइप भरून ठेवावा लागतो, वीज किती जाते! ते गळले की बिल झपकन खाली येतं. शिरपूरकडची मोठी योजना मिळतेय मला. तिथल्या कमिटीला बचत दाखवायची होती, तुमच्या गावाची दाखवली. झालं."

"गळले?"

"अट आहे तशीच आहे गं. मी कुठं कुणाला काढलं? हजारात एकच्या सुटीत बसतात ते."

"आबांनी सांगितलं होतं तुला?"

"आबांना काय कळतं त्यातलं? मीच केलं."

"मी विचारलं तेव्हा तू मला हिरवा फोटो पाठवलास."

"हिरवंच होतं ना?" तो म्हणाला, आणि यात खोटं काय, अशा चेहऱ्यानं तिच्याकडे पाहत राहिला.

"फुईची सगळी रोपं मेली, हितेंद्र. सगळी. तिच्या ताटात जेवलास तू."

तेव्हा मात्र तो जरा चपापला. "फुईंचं... खरं सांगतो ताई, डोक्यातच आलं नाही. मला सांगायचंस ना, टँकर पाठवला असता." आणि ते खरं होतं, हेच तर वाईट. त्याच्या डोक्यातसुद्धा फुई सुटीत बसून गेली होती.

"निदान माझं नाव तरी काढायचंस त्यावरून!"

"तुझं नाव?" तो चक्क हसला. "तुझं नाव काढलं असतं तर पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं असतं, का काढलं म्हणून. ताई, लोक माझ्या मशीनवर विसंबत नाहीत, तुझ्या नावावर विसंबतात. शिरपूरच्या कागदावरही तेच घातलंय मी. तुझंच नाव मोठं होतंय ना त्यात?"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि वर गळा कापणारा विचारतो, केस किती मऊ होता बघ. ऋतिका उठली. "तुझ्या मनगटावर मी धागा बांधला, त्याची मला आज लाज वाटते," एवढंच तिला बोलता आलं. बसमध्ये मग तिला सगळी उत्तरं सुचली, एकाहून एक झणझणीत. पण बसमध्ये सुचून काय उपयोग? खिडकीकडे तोंड करून पारोळ्यापर्यंत रडली.

गावात संस्थेची सभा बोलावली. ऋतिकानं काही लपवलं नाही. कुणी केलं, कसं केलं, का केलं, आणि फुईचा फोन आला तेव्हा आपण कुणाचं ऐकलं, सगळं उभं राहून सांगितलं. टोकाचे लोक खवळले. वांगीवाला तर आबांच्या अंगावरच धावून गेला. आबा मान खाली घालून बसले होते. शेवटी म्हणाले, "मला यातलं ठाऊक नव्हतं, आईची शपथ. पण बिल कमी आलं तेव्हा का आलं, हे मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही. आता पोरी, तू मापं परत बसव आणि हा विषय संपव."

"बसवली आहेत," ऋतिका म्हणाली. "आजपासून पाणी टोकापर्यंत जाईल."

लोकांची कुजबुज थांबली. प्रश्न मिटला असं वाटून दोघं-चौघं उठायलाही लागले. तेवढ्यात मागून फुई उभी राहिली. सभेत बाई सहसा बोलत नाही, फुई तर कधीच नाही.

"उद्या कोनी परत काढली तं?" तिनं विचारलं. "आमले कसं समजनार?"

ऋतिकाला खोटं बोलता आलं असतं. कुलूप लावते, पासवर्ड टाकते, काहीही. समोर फुई उभी होती, तिच्या नखांत अजून मेलेल्या रोपांची माती होती. "नाही समजणार, फुई," ती म्हणाली. "पडदा हिरवाच राहील."

"मंग बंद करा ते," फुई म्हणाली. "वना हातानं सोडत व्हता तव्हा भांडाले मानूस तरी समोर व्हता."

हात वर झाले. आधी टोकाचे, मग मधले, मग आबांचाही. ऋतिकानं आपला हात वर केला तेव्हा तिच्या डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं होतं. जन्मातलं एकच धड काम, आणि ते बंद करायला तिनंच हात वर केला. वनानं जाऊन कॉम्प्युटरची वायर काढली.

घरी जाताना फुई तिच्या बरोबरीनं चालत होती. घर जवळ आलं तशी म्हणाली, "तू नई केलं, ते समजलं मले."

"फुई..."

"आयक. त्यानं केलं त्याचं मले काही नई, तो परका. पन मी म्हने पानी नई, आन तू त्याचं आयकलं. ते जात नई माह्या मनातून. जाईन तव्हा जाईन." मग तिनं घराचं दार उघडलं आणि तिला आत घेतलं, जेवू घातलं. भाकरी नेहमीसारखीच होती. नेहमीची बडबड मात्र नव्हती, आणि ती मागायचा धीर ऋतिकाला झाला नाही.

पण तेवढ्यानं संपलं असतं तर मी ही गोष्ट सांगत बसलो नसतो. तिकडे शिरपूरकडच्या कागदावर तिचं नाव होतंच. तिनं कमिटीला फोन केला, ते म्हणाले हितेंद्रशेठशी बोला. हितेंद्रनं फोन उचलणं बंद केलं. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून हात चोळण्यापेक्षा ती उठली आणि तापीच्या काठी शिरपूरच्या अंगाला, त्या योजनेच्या गावी गेली. पाइपासाठी चर खणलेला होता. चराच्या कडेकडेनं ती चालत राहिली, जिथं तो संपला तिथं थांबली. तिथं मिरचीचा एक वाफा होता, आणि कुंदाबाई नावाची बाई मिरच्या तोडत होती.

"कोन शे वं तू?" कुंदाबाईनं विचारलं.

"मावशी, इथं जे पाण्याचं मशीन येणार आहे ना, त्याला हो म्हणू नका, हे सांगायला आलेय."

"आते काय? आम्ही तर सही करी टाकी." कुंदाबाईनं घाम पुसला. "माणसेस्ना काय भरोसा? पन कागदवर बाईनं नाव व्हतं, म्हनीसन मी सही करी. मास्तरीन शे म्हने ती. तुले माहीत शे का ती बाई?"

"ती मीच आहे, मावशी. माझ्या नावावर जाऊ नका. माझ्या नावानं दुसराच माणूस तुमचं पाणी कापेल आणि तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

कुंदाबाई तिच्याकडे बघत राहिली. पायांत धुळीनं माखलेल्या चपला, उन्हानं लाल झालेलं तोंड, हातात पाण्याची रिकामी बाटली. बघता बघता बाईचा चेहरा उजळला. मास्तरीण आली म्हणून तिनं तोंडाला हात लावून शेजारच्या शेतात हाक दिली, "अवं, या वं इकडे! ती मास्तरीन ऊनी! आपलं पानीनं गणित करनारी!"

"मावशी, तसं नाही हो, ऐका तरी..."

"आयकी लिनं," कुंदाबाई म्हणाली आणि तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला. "इतला उन्हमा तू सोता सांगाले ऊनी. अशी बाई पाठीशी शे, तर आते आमले चिंता नही."

शेताशेतांतून बाया येऊ लागल्या. डोक्यावरचे पदर सावरत, हसत, मास्तरीन कशी आहे ते बघायला. ऋतिकाला ओरडावंसं वाटत होतं. तिनं हात सोडवून घेतला नाही. सगळ्या जमल्या, वाफ्याच्या बांधावर बसल्या, तेव्हा ती पहिल्यापासून सांगू लागली, की माझ्या नावावर विसंबू नका. आणि त्या सगळ्या तिच्याकडे बघून विश्वासानं मान डोलवत होत्या.